पार्श्वभूमी : लेसोथोचं दुखणं दीडशे वर्षांपूर्वीचं

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने जगभरच्या देशांवर वाढीव आयातशुल्काची यादी जाहीर केली. त्या यादीतल्या देशांमध्ये सर्वांत मोठा आकडा, 50 टक्के, लेसोथोच्या नावापुढे होता. महिनाभर आधीच ट्रम्प यांनी अमेरिकी संसदेत 'कोणी नावही ऐकलेलं नाही' असा देश म्हणून त्याची टर उडवली होती. शुल्काचा हिशेब व्यापारी तुटीवर बेतलेला होता. लेसोथो अमेरिकेला जीन्स, टी-शर्ट आणि हिरे विकतो, अमेरिकेकडून मात्र जवळपास काहीच विकत घेत नाही. घेणार तरी कशाच्या जोरावर?

30,355 चौरस किलोमीटर, म्हणजे आपले नाशिक आणि सोलापूर जिल्हे मिळून होतील एवढा देश. लोकसंख्या सुमारे 23 लाख. चारी बाजूंनी एकच शेजारी, दक्षिण आफ्रिका. अख्खा देश 1,400 मीटरच्या वर, त्यामुळे कसण्याजोगी जमीन फार थोडी. पण हा डोंगराळपणा निव्वळ निसर्गाची देणगी नाही.

राज्याचा संस्थापक पहिला मोश्वेश्वे 1824 मध्ये थाबा बोसियू या सपाट माथ्याच्या, पाण्याचे झरे असलेल्या डोंगरावर येऊन राहिला. आजूबाजूच्या लढायांमध्ये उद्ध्वस्त झालेल्यांना त्याने आसरा दिला, गरिबांना गुरं सांभाळायला दिली: दूध त्यांचं, वासरं राजाची. त्यातून बासोथो राष्ट्र उभं राहिलं. गडकिल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही जागा लगेच ओळखीची वाटेल. हा डोंगर शत्रूला कधीच जिंकता आला नाही. 1865 मध्ये बोअरांचा, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांचा, सेनानी लाऊ वेपेनर त्यावर चढाई करतानाच मारला गेला.

गड राहिला, पण मुलूख गेला. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेट या बोअरांच्या राज्याशी झालेल्या युद्धांमध्ये कॅलेडन नदीपलीकडची सुपीक, मक्या-गव्हाची जमीन हातची गेली. शेवटी 1868 मध्ये मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या करारात आजची पश्चिम सीमा जवळजवळ पक्की झाली. बोअरांनी राज्य गिळण्याचा धोका टळला, पण पोट भरणारी जमीन सीमेबाहेर राहिली. माझ्या मते लेसोथोच्या पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ याच करारात आहे.

1871 मध्ये ब्रिटिशांनी हा मुलूख परस्पर दक्षिणेकडच्या आपल्याच केप वसाहतीला जोडून टाकला. केप सरकारने बंदुका जमा करा म्हटल्यावर बासोथोंनी 1880-81 मध्ये युद्धच पुकारलं, आणि बंदुका राखल्या. 1884 पासून ब्रिटिशांनी कारभार थेट स्वतःकडे घेतला. याच काळात झोपडीपट्टी भरायला रोख पैसा हवा म्हणून पुरुष किंबर्लीच्या हिऱ्यांच्या आणि पुढे जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत जाऊ लागले. (झोपडीपट्टी म्हणजे इथे वस्ती नव्हे, झोपडीमागे द्यावा लागणारा कर.) 1980 च्या दशकात एक लाखाहून अधिक बासोथो पुरुष त्या खाणींत होते. घरी बायका शेत सांभाळत आणि मुलगे डोंगरात गुरांमागे. म्हणूनच आजही तिथे साक्षरतेत बायका पुरुषांच्या पुढे आहेत. 1990 नंतर सोन्याचे भाव पडले, खाणींनी परदेशी मजूर कमी केले आणि पगार आटले. खाणीतून परतलेल्यांबरोबर क्षय आला. त्यात एचआयव्हीची साथ, जिने साधारण चारातल्या एका प्रौढाला गाठलं.

4 ऑक्टोबर 1966 ला देश स्वतंत्र झाला. 1970 ची निवडणूक हरतोय असं दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी ती रद्द करून टाकली. तेच जोनाथन पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध बोलू लागले, तिच्याशी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या निर्वासितांना त्यांनी थारा दिला. डिसेंबर 1982 मध्ये दक्षिण आफ्रिकी सैनिकांनी राजधानी मासेरूत घुसून 42 जणांना मारलं. जानेवारी 1986 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने सीमाच बंद केली. अन्नधान्य आणि इंधन अडलं, काही आठवड्यांत लेसोथोच्याच लष्कराचे जनरल लेखान्या यांनी सत्ता हाती घेतली, आणि नाकेबंदी उठली.

नऊ महिन्यांनी, 24 ऑक्टोबर 1986 ला, याच लष्करी सरकारने पाण्याच्या करारावर सही केली. सेंकू नदीचं पाणी धरणं आणि बोगद्यांतून जोहान्सबर्ग परिसराला द्यायचं आणि बदल्यात मोबदला घ्यायचा, अशी ती योजना. 185 मीटर उंच कात्से धरण उभं राहिलं, 1998 पासून पाणी जाऊ लागलं. प्रकल्पाचे मुख्य अधिकारी मासुफा सोले 2002 मध्ये लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेले. त्यांना लाच देणाऱ्या कॅनडाच्या एका बड्या कंपनीलाही लेसोथोच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि हे छोट्या देशाने करून दाखवलेलं मोठं काम होतं. मात्र 1998 च्या निवडणुकीत एका पक्षाने 80 पैकी 79 जागा नेल्या, दंगा उसळला आणि दक्षिण आफ्रिकी फौजा पुन्हा आत आल्या. त्या कात्से धरणावरही गेल्या, यातच काय ते आलं.

त्यानंतर जागावाटपात प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणातही जागा, आणली. संसद 120 जागांची झाली, एकपक्षी वर्चस्व मोडलं आणि तकलादू आघाड्यांचा काळ सुरू झाला. 2015 आणि 2017 मध्ये दोन लष्करप्रमुखांचे (एक माजी, एक पदावरचे) खून झाले. 2022 मध्ये हिऱ्यांच्या धंद्यातले सॅम मातेकाने नवाकोरा पक्ष काढून 56 जागांसह सत्तेवर आले. राजे लेत्सिए तिसरे गादीवर आहेत, पण राज्यकारभाराचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

कपड्यांचे कारखाने अमेरिकेच्या 2000 सालच्या करसवलतीवर वाढले आणि खाणींतली गेलेली कमाई काही अंशी बायकांच्या हाती आली. ऑगस्ट 2025 मध्ये 50 चे 15 टक्के झाले, पण मधल्या महिन्यांत ऑर्डरी गेल्या होत्या. जुलैमध्ये सरकारला तरुणांच्या बेकारीवरून राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली.

बोअरांनी घेतलेला, आता दक्षिण आफ्रिकेत असलेला फ्री स्टेट परत मागणारा प्रस्ताव 2023 मध्ये संसदेत आला. उलट, दक्षिण आफ्रिकेत सामील व्हा म्हणणारेही अधूनमधून पुढे येतात. मला दोन्ही अशक्य वाटतात. खरी घासाघीस पाण्यावरच होऊ शकते. पाणी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातलं पोलिहाली धरण बांधलं जातंय, ते भरलं की पाणीही वाढेल आणि मोबदलाही. पण मोबदल्याचं मूळ सूत्र 1986 च्या करारातलं आहे, आणि त्यावर सही करणारं सरकार लोकांनी निवडलेलं नव्हतं.