कार्लाइलचा १९१२ चा सीझन आणि त्याआधीची ३३ वर्षं

९ नोव्हेंबर १९१२ ला वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या मैदानावर कार्लाइल इंडियन स्कूलनी अमेरिकन आर्मीच्या टीमला २७-६ असं हरवलं. इंडियन म्हणजे भारतीय नव्हे, अमेरिकेतले मूलनिवासी. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, बॉल काखेत धरून पळायचा तो. नुसता स्कोअर वाचला तर कुठलीतरी जुनी कॉलेज मॅच वाटेल, पण ती कळायची असेल तर १८७९ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानी पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात सैन्याच्या जुन्या बराकींमध्ये मूलनिवासी मुलांसाठी सरकारी शाळा काढली. ‘इंडियन मारा, माणूस वाचवा’ हे त्याचंच धोरण. पहिली तुकडी लकोटा जमातीच्या मुलांची. आल्या आल्या केस कापले, गणवेश चढवला, फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली, मुलानी पॉइंटर घेऊन एका नावावर टेकवायचा, त्या अक्षरांचा अर्थ त्याला माहीत नाही, आणि तेच त्याचं नाव. लकोटांमध्ये माणूस गेल्यावर केस कापतात, आपल्याकडे मुंडण करतात तसं, म्हणजे त्या पोरांना काय वाटलं असेल याचा विचार करा.

फुटबॉल मुलांनी स्वतः मागून घेतला. एकाचा पाय मोडल्यावर प्रॅटनी बाहेरच्या मॅचेस बंद केल्या होत्या, मग मुलांनीच त्याच्याकडे जाऊन अशी काही बाजू मांडली की त्याला हो म्हणावं लागलं, पण दोन अटींवर: समोरच्यानी मारलं तरी हात उचलायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या टीमला हरवायचं. १८९९ मध्ये पॉप वॉर्नर कोच म्हणून आला. खरं तर हे कॉलेज नव्हतंच, सुतारकाम-शिंपीकाम शिकवणारी शाळा, पण मॅचेस हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), प्रिन्स्टनशी, आणि त्याही बहुतेक त्यांच्याच गावी जाऊन, कारण तिकिटांचा पैसा तिथे.

आता नियमांचं बघा, कारण कार्लाइलचं यश त्याच्याशी जोडलेलं आहे. तेव्हाचा खेळ म्हणजे घोळका करून रेटारेटी. १९०५ मध्ये मैदानावर इतके मृत्यू झाले की प्रेसिडेंट रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. १९०६ पासून बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली. वजनानी हलक्या पण वेगवान कार्लाइलच्या मुलांना हेच हवं होतं, १९०७ मध्ये त्यांनी पेनला २६-६ असं धुतलं. १९१२ मध्ये नियम आणखी मोकळे झाले, बॉल १० यार्ड पुढे न्यायला तीनऐवजी चार प्रयत्न, आणि टचडाऊनला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की, पाचऐवजी सहा पॉइंट.

त्याच उन्हाळ्यात जिम थॉर्प स्टॉकहोम ऑलिंपिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची दोन गोल्ड घेऊन आला आणि सप्टेंबरमध्ये परत कार्लाइलच्या जर्सीत उतरला. साक-अँड-फॉक्स जमातीचा हा मुलगा, सोबत क्वार्टरबॅक, म्हणजे चाली ठरवणारा खेळाडू, गस वेल्च. सीझनमध्ये १२ विजय, एक बरोबरी, आणि एकच हार, पेनकडून ३४-२६.

आणि मग आर्मी. वुंडेड नी या ठिकाणी सैन्यानी लकोटांची कत्तल केली त्याला तेव्हा २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. समोर भावी लष्करी अधिकारी, त्यात पुढे प्रेसिडेंट झालेला ड्वाइट आयझेनहॉवरसुद्धा. पहिला टचडाऊन आर्मीचाच. मग खेळाडू उभे करायची वॉर्नरची नवी डबल विंग रचना चालायला लागली आणि आर्मीला बॉल कोणाकडे आहे तेच कळेना. वैतागून आर्मीच्या कॅप्टननी कार्लाइलच्या जो गायनला मारलं, रेफरीनी कॅप्टनला बाहेर काढलं. प्रॅटची जुनी अट आठवते इथे.

हे सगळं दोन-तीन महिनेही टिकलं नाही. जानेवारी १९१३ मध्ये पेपरात आलं की थॉर्प १९०९-१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता, आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना तेव्हा ऑलिंपिकमध्ये बंदी होती. असं खेळणारी कॉलेजची मुलं तेव्हा कितीतरी होती, पण ती खोटी नावं लावायची, यानी स्वतःचं नाव लावलं. तक्रारीची ३० दिवसांची मुदत कधीच संपली होती तरी मेडल काढून घेतली. मला याचा आजही राग येतो. १९८२ मध्ये निर्णय फिरवला, तोही संयुक्त विजेता म्हणून, तोपर्यंत थॉर्पला जाऊन २९ वर्षं झाली होती, आणि एकट्याचा विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडलं.

१९१४ मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची, चौकशी लागली, वॉर्नरच्या वागण्याबद्दल आणि पैशांच्या व्यवहाराबद्दल खेळाडूच बोलले, वेल्च त्यात पुढे होता. वॉर्नर गेला, टीम ढासळली, १९१८ मध्ये शाळा बंद होऊन बराकी परत सैन्याकडे गेल्या. तिथे शाळेत वारलेल्या मुलांच्या कबरी आहेत, २०१७ पर्यंत १८० च्या आसपास होत्या. २०१७ पासून एकेका जमातीचे लोक येऊन आपापल्या मुलांचे अवशेष घरी नेतायत.