व्यवसायातील मोबाइल अ‍ॅपचा वापर

एखादा उद्योग, दुकान, बँक किंवा सेवासंस्था आपले रोजचे व्यवहार ग्राहकाच्या अथवा कर्मचाऱ्याच्या फोनवरून व्हावेत म्हणून जे अ‍ॅप वापरात आणते, त्याला व्यवसायाचे मोबाइल अ‍ॅप म्हणतात. त्याचे ढोबळ दोन प्रकार. एक, ग्राहकासाठी काढलेले: मागणी नोंदवणे, पैसे भरणे, तक्रार करणे, माल कुठवर आला ते पाहणे. दुसरा, संस्थेच्या माणसांसाठी काढलेला: हजेरी, मालाची मोजदाद, दुरुस्तीच्या नोंदी, विक्री प्रतिनिधीच्या भेटी. चर्चा बहुतेक पहिल्याचीच होते. पदरात पडणारा फायदा मात्र अनेकदा दुसऱ्यात अधिक खात्रीचा असतो.

अ‍ॅप काढले की धंदा वाढतो, हा समज फार पसरलेला आहे. अ‍ॅप स्वतः काही कमावत नाही. त्याच्यामुळे एखादी खेप, एखादा कागद, एखादी रांग किंवा पुन्हा पुन्हा द्यावी लागणारी तीच ती माहिती वाचते आणि फायदा त्या बचतीतून येतो. असे वाचण्याजोगे काही नसेल, तर अ‍ॅप फोनवर येते आणि आठवड्याभरात काढूनही टाकले जाते.

पूर्वपीठिका

हातातल्या यंत्रावर कामाच्या नोंदी घेण्याची पद्धत स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. फेडएक्स या कुरिअर कंपनीने १९८६ मध्ये आपल्या माणसांच्या हाती बारकोड वाचणारे ‘सुपरट्रॅकर’ यंत्र दिले. यूपीएस या दुसऱ्या पार्सल कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या ‘डायड’ या यंत्रावर पार्सल घेणाऱ्याची सही थेट पडद्यावर घेतली जाऊ लागली. ही यंत्रे खास बनवून घ्यावी लागत आणि त्यांचा खर्च मोठ्या कंपन्यांनाच पेलवे.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बाहेरच्या कोणाला त्यासाठी अ‍ॅप बनवता येत नव्हते. वेबपानांवर भागवावे, अशी अ‍ॅपलची तेव्हाची भूमिका होती. ती वर्षभरात बदलली. १० जुलै २००८ रोजी अ‍ॅप स्टोअर उघडले, त्यात सुरुवातीला सुमारे ५०० अ‍ॅप होती आणि पहिल्या काही दिवसांतच डाउनलोडचा आकडा १ कोटीवर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड मार्केट सुरू झाले, तेच २०१२ पासून गूगल प्ले. व्यवसायांच्या दृष्टीने खरा बदल असा की यंत्राचा खर्च आता ग्राहकाने उचलला होता. कॅमेरा, ठिकाण सांगणारी जीपीएस, बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी आणि कायम चालू इंटरनेट असलेले यंत्र लोक स्वतः विकत घेत होते, स्वतः चार्ज करत होते आणि दिवसभर जवळ बाळगत होते.

ग्राहकांसाठीची अ‍ॅप

चांगल्या अ‍ॅपचा पहिला फायदा अगदी साधा: ग्राहकाला दर वेळी आपण कोण, राहतो कुठे आणि पैसे कसे देणार हे सांगावे लागत नाही. महिन्यातून चार वेळा येणाऱ्या ग्राहकासाठी ही बचत मोठी. पाच वर्षांतून एकदा गादी घेणाऱ्यासाठी तिला काही अर्थ नाही, आणि गाद्यांच्या दुकानाने अ‍ॅपवर पैसे घालण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

फोनच्या अंगभूत साधनांचा नेमका वापर झाला, तर फायदा कुठवर जातो याचे जुने उदाहरण म्हणजे यूएसएए. ही अमेरिकी वित्तसंस्था सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. ग्राहक जगभर विखुरलेले आणि शाखा जवळजवळ नाहीतच. २००९ मध्ये तिने आयफोनच्या अ‍ॅपवर चेकच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून तो खात्यात भरण्याची सोय दिली. चेकच्या प्रतिमेला कायदेशीर आधार देणारा अमेरिकी कायदा २००४ पासून लागू होता. त्यामुळे अ‍ॅपने केले ते एवढेच, की ग्राहकाच्या हातातला कॅमेरा आणि तो कायदा यांची गाठ घालून दिली. टपालाने चेक पाठवून वाट पाहणे संपले. आयकियाने २०१७ मध्ये खोलीत फर्निचर कसे दिसेल ते फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवणारे अ‍ॅप काढले, तेही याच जातीचे. मोठे कपाट घरी आणून मग बसत नाही म्हणून परत नेणे हा दोन्ही बाजूंना ताप असतो.

पैसे आगाऊ घेण्याची सोय हा दुसरा मोठा फायदा, आणि तो बाहेरून चटकन दिसत नाही. स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीने जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतील स्वतःच्या दुकानांत फोनवरचा बारकोड दाखवून पैसे देण्याची पद्धत सुरू केली. ग्राहक अ‍ॅपमध्ये आधी रक्कम भरून ठेवतात आणि तीतून खर्च करतात. कार्डे आणि अ‍ॅप मिळून अशी न वापरलेली शिल्लक पुढे १ अब्ज डॉलरच्या वर गेली. तिच्यावर ग्राहकाला व्याज द्यावे लागत नाही, त्यामुळे कंपनीला ती बिनव्याजी खेळते भांडवल म्हणून वापरता येते. लहान प्रमाणावर व्यायामशाळा, वाहनतळ, वाहतूक कंपन्या हेच करतात.

त्याच कंपनीचा पुढचा अनुभव उलट बाजूही दाखवतो. २०१५ मध्ये घरूनच मागणी नोंदवून दुकानात फक्त पेला उचलायचा, अशी सोय देशभर लागू झाली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने सांगितले की अशा मागण्यांमुळे गर्दीच्या दुकानांत पेले उचलण्याच्या जागी दाटी होते आणि दारातून आत आलेली काही माणसे ती पाहून परत जातात. म्हणजे पैसे देण्याची रांग अ‍ॅपने मोडली, पण काउंटरच्या पलीकडचे हात तेवढेच राहिले आणि रांग गल्ल्यावरून तिकडे सरकली. मग माणसांच्या जागा आणि कामाची वाटणी बदलावी लागली. मागणी घेणे सोपे करणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपच्या वाट्याला हे येते: स्वयंपाकघर, गोदाम किंवा डॉक्टरची वेळ यांची क्षमता अ‍ॅपमुळे वाढत नसते.

सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, हे अ‍ॅपचे सर्वांत धारदार हत्यार. आयफोनवर २००९ पासून अ‍ॅप बंद असतानाही सूचना पाठवता येऊ लागल्या. ‘तुमची गाडी दहा मिनिटांत पोहोचेल’, ‘औषध तयार आहे’ या सूचना ग्राहकाला हव्या असतात. त्यांनी चौकशीचे फोन कमी होतात आणि दुकानातल्या एका माणसाचा वेळ सुटतो. दिवसातून तीनदा ‘आज खास सवलत’ ओरडणाऱ्या सूचना मात्र ग्राहक कायमच्या बंद करतो, आणि एकदा बंद केल्यावर कामाची सूचनाही त्याच्यापर्यंत जात नाही. अँड्रॉइडच्या १३व्या आवृत्तीपासून, २०२२ मध्ये, सूचनांसाठी आधी परवानगी मागणे बंधनकारक झाले. आयफोनवर ते पहिल्यापासूनच होते. जाहिरात विभाग आणि ग्राहकसेवा विभाग यांच्यात या एका बटणावरून भांडण होत नाही अशी कंपनी विरळा.

कर्मचाऱ्यांसाठीची अ‍ॅप

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ पूर्वी सकाळी कार्यालयात जाऊन दिवसाचे कामाचे कागद घेई, जागेवर कार्बन लावून अहवाल लिही, संध्याकाळी तो परत आणून देई. मग कोणीतरी ते अक्षर लावून संगणकात भरी आणि बिल काही दिवसांनी निघे. अ‍ॅपमध्ये काम त्याच्या फोनवर येते. यंत्राच्या कपाटावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला की दाराचा सेन्सर याआधी कधी बदलला, कोणी बदलला, तेव्हा काय तक्रार होती हे समोर येते. लागणारा भाग गोदामात आहे की नाही तेही तिथेच कळते. झिजलेल्या दोराचा फोटो निघतो, इमारतीच्या व्यवस्थापकाची सही पडद्यावर होते आणि तो जिना उतरेपर्यंत बिलाचा मसुदा तयार असतो. वाचलेला वेळ महत्त्वाचा आहेच. त्याहून मोठी कमाई म्हणजे त्या यंत्राचा इतिहास. तो पूर्वी एका अनुभवी माणसाच्या डोक्यात असे आणि त्याच्याबरोबर निवृत्त होई.

अशी अ‍ॅप फसतात ती बहुधा तळघरात. तिथे रेंज नसते. नोंद फोनमध्येच साठवून नेटवर्क आल्यावर पुढे पाठवण्याची सोय नसेल, तर भरलेला फॉर्म पुसला जातो, दोनदा असे झाल्यावर तंत्रज्ञ पुन्हा कागदावर लिहू लागतो, आणि कार्यालयात मात्र ‘लोक अ‍ॅप वापरायला तयार नाहीत’ असा शेरा पडतो. हातमोजे घातलेल्या बोटांनी दाबता येतील एवढी मोठी बटणे, उन्हात वाचता येणारी अक्षरे आणि कामगाराची स्वतःची भाषा याही तशाच बाबी. कार्यालयातल्या वायफायवर त्या कधी ध्यानात येत नाहीत.

दुसरी अडचण विश्वासाची आहे. कामाच्या नोंदीसाठी दिलेले अ‍ॅप माणूस कुठे किती मिनिटे थांबला हेही सांगते. व्यवस्थापनाने त्याचा पाळतीसारखा वापर सुरू केला की नोंदींचा दर्जाच ढासळतो: कोणी फाटकापाशीच ‘पोहोचलो’चे बटण दाबतो, कोणी दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी एकदम भरतो. आकडे नीटस दिसतात आणि कामाचे नसतात.

माहितीचा साठा

ग्राहक काय पाहतो, कुठे अडतो, कोणत्या पायरीवर मागणी अर्धवट सोडतो हे अ‍ॅपमधून कळते, आणि मालाचा साठा किती ठेवावा, कोणती सेवा बंद करावी यासाठी ते उपयोगी पडते. मोह मात्र लागेल त्याहून जास्त गोळा करण्याचा होतो. कॅनडातील टिम हॉर्टन्स या उपाहारगृहांच्या साखळीचे अ‍ॅप उघडलेले नसतानाही दर काही मिनिटांनी वापरकर्त्यांचे ठिकाण नोंदवत होते, असा निष्कर्ष तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी जून २०२२ मध्ये जाहीर केला. ज्या लक्ष्यित जाहिरातींसाठी हा साठा जमवायचा होता, त्यासाठी कंपनीने तो वापरलाही नव्हता. बदनामी तेवढी वाट्याला आली. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम उद्देशापुरतीच माहिती घ्यायला सांगतो. अ‍ॅपलने एप्रिल २०२१ पासून, दुसऱ्या कंपन्यांच्या अ‍ॅप आणि संकेतस्थळांवर वापरकर्त्याचा माग काढण्याआधी त्याची संमती मागणे सक्तीचे केले, तेव्हा जाहिरातींवर चालणाऱ्या अनेक व्यवसायांची गणिते बिघडली.

खर्च आणि बंधने

अ‍ॅप बनवण्याच्या खर्चाकडे सगळ्यांचे लक्ष असते, चालू ठेवण्याच्या खर्चाकडे कमी. फोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि जुने अ‍ॅप तिच्यावर चालेल याची खात्री नसते. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी वेगळे काम करावे लागू नये म्हणून फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि गूगलचे फ्लटर ही साधने निघाली. त्यांनी खर्च कमी होतो, संपत नाही.

स्टोअरच्या कमिशनबद्दल गैरसमज बरेच आहेत. अ‍ॅपमध्येच वापरायच्या डिजिटल वस्तूंच्या विक्रीवर, म्हणजे खेळातील नाणी किंवा सदस्यत्व यांवर, अ‍ॅपल आणि गूगल यांनी वर्षानुवर्षे ३० टक्के कापले. २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईसाठी दोघांनी १५ टक्के दर आणला. कपडे, प्रवासभाडे, हॉटेलची खोली अशा प्रत्यक्ष वस्तू आणि सेवांना हे कमिशन लागत नाही. त्यामुळे ऑनलाइन शिकवणी देणाऱ्या संस्थेचा आणि टॅक्सी कंपनीचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

अ‍ॅपविना चालणारे पर्याय

ग्राहकाला अ‍ॅप फोनवर उतरवून घ्यायला भाग पाडणे अंगाशी येऊ शकते. भारतातील मिंत्रा या कपडेविक्री कंपनीने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून विक्री फक्त अ‍ॅपवर आणली आणि जून २०१६ मध्ये संगणकावरचे दुकान पुन्हा उघडले. कपडे निवडताना अनेकांना मोठा पडदा हवा असतो, हे साधे कारणही त्यात होते. त्याच सुमारास अ‍ॅपसारखे वागणाऱ्या, फोनच्या पडद्यावर चिन्ह ठेवता येणाऱ्या वेबपानांची पद्धत रुळू लागली. चीनमधील वीचॅट या संदेश पाठवण्याच्या सेवेने जानेवारी २०१७ मध्ये आपल्याच अ‍ॅपच्या पोटात चालणारी छोटी अ‍ॅप सुरू केली. कोड स्कॅन करायचा, काम करायचे, वेगळे काही उतरवायचे नाही. लहान व्यवसायाला बहुधा हाच मार्ग आधी परवडतो. केनियातील एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा तर २००७ पासून सिमकार्डातल्या मेन्यूवर चालली, स्मार्टफोन आणि इंटरनेट दोन्हींशिवाय.

अ‍ॅप बंद करणे

योजना आखताना हा भाग कोणी धरत नाही. स्टोअरमधून अ‍ॅप काढले तरी लोकांच्या फोनवरच्या प्रती राहतातच आणि त्या सर्व्हरकडे मागण्या पाठवत राहतात. म्हणून बंद होण्याची तारीख अ‍ॅपमध्येच पुरेशी आधी दाखवावी लागते, भरलेली शिल्लक आणि जमलेले पॉइंट परत कसे मिळतील ते सांगावे लागते, चालू सदस्यत्वांची वसुली थांबवावी लागते, आणि ठेवण्याचे कायदेशीर कारण उरले नसेल ती वैयक्तिक माहिती पुसावी लागते. पावत्या आणि कराच्या नोंदी मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत जपाव्या लागतात.