सीडरची लाकडी कौले : शिंगल आणि शेक

सीडरच्या लाकडाच्या, खालच्या टोकाला जाड आणि वरच्या टोकाला निमुळत्या फळ्या एकीवर एक चढवून केलेले छपराचे किंवा भिंतीबाहेरचे आवरण. दोन्ही बाजू करवतीने कापलेल्या पातळ फळीला शिंगल म्हणतात. ओंडका रेषाच्या दिशेने फोडून काढलेल्या, निदान एक बाजू खडबडीत असलेल्या जाड फळीला शेक म्हणतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन या भागांत ही घरबांधणीची जुनी व आजही चालू असलेली पद्धत आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तिची परंपरा नाही. इथली छपरे मंगलोरी कौलांची, पत्र्याची किंवा स्लॅबची. घाटमाथ्यावरच्या बंगल्यासाठी किंवा पर्यटक निवासासाठी हे छप्पर निवडायचे असेल, तर उत्तर अमेरिकेतली मापे जशीच्या तशी उचलून भागत नाही. लाकडी छप्पर किती वर्षे टिकेल हे ते पावसानंतर किती लवकर वाळते यावर ठरते, आणि महाबळेश्वर किंवा कोयनानगरला चार महिने वाळायला उसंतच मिळत नाही.

लाकूड

बाजारात ‘वेस्टर्न रेड सीडर’ म्हणून येणारे लाकूड थुजा प्लिकाटा या झाडाचे. हे झाड सायप्रसच्या कुळातले आहे. हिमालयातला देवदार हा पाइनच्या कुळातला, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरा सीडर. दोन्ही लाकडांच्या गाभ्यात बुरशीला आणि किडीला आवर घालणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. हिमाचल प्रदेशात लाकडी फळ्यांची छपरे जुनी आहेत. मनालीच्या १५५३ सालच्या हिडिंबा मंदिराची खालची तीन छपरे लाकडी फळ्यांचीच आहेत.

हा टिकाऊपणा फक्त गाभ्याच्या लाकडाचा आहे. सालीलगतचे पांढरे लाकूड सीडरचे असले तरी लवकर कुजते. म्हणून छपरासाठी पहिल्या प्रतीचाच माल घ्यावा. या प्रतीत फळी पूर्ण गाभ्याची, गाठ नसलेली आणि उभ्या रेषाची, म्हणजे खोडाची वलये फळीच्या पृष्ठाला काटकोनात असलेली, असते. उभ्या रेषाची फळी भिजली-वाळली तरी सपाट राहते. आडव्या रेषाची फळी वाकून पन्हळीसारखी होते आणि मधोमध चिरते. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा स्वस्त माल गोठ्याच्या किंवा शेडच्या भिंतीला चालेल, राहत्या घराच्या छपराला नको. वाळवीच्या बाबतीतही विसंबून राहू नये: सीडर वाळवीला काही प्रमाणात दाद देत नाही, पण आपल्या मातीतल्या वाळवीपुढे त्याला वाळवीरोधक म्हणता येत नाही.

शिंगल १६, १८ आणि २४ इंच लांबीच्या मिळतात. रुंदी एकसारखी नसते. १६ इंची फळीचे जाड टोक सुमारे १० मिलिमीटरचे असते. शेक १८ किंवा २४ इंच लांब आणि जाड टोकाला साधारण अर्धा ते पाऊण इंच. कोरड्या शिंगलच्या छपराचे वजन चौरस मीटरला साधारण ७ ते १० किलो भरते. मंगलोरी कौले चौरस मीटरला सुमारे १५ लागतात आणि त्यांचेच वजन ३५ ते ४० किलोंच्या घरात जाते. त्यामुळे वासे हलके चालतात. मात्र कौलारू छप्पर बरेचसे स्वतःच्या वजनावर बसलेले असते आणि लाकडी छप्पर केवळ खिळ्यांवर. चाळकेवाडी-ठोसेघरच्या पठारासारख्या, पवनचक्क्या चालतील अशा वाऱ्याच्या जागी खिळ्यांत कसर केली तर पाखेच उचलले जाते.

उतार आणि उघडा भाग

शिंगलसाठी उतार आडव्या फुटाला किमान ३ इंच आणि शेकसाठी ४ इंच असावा लागतो. हा किमान आकडा कमी पावसाच्या भागांसाठी समजावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. तिथे फुटाला ८ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ३४ अंशांपेक्षा, कमी उतार ठेवू नये.

प्रत्येक फळीचा खालचा जेवढा भाग उन्हापावसात उघडा राहतो, त्यावर सगळे गणित चालते. शिंगलच्या छपरावर कुठेही खिळा टोचला तरी तिथे फळ्यांचे तीन थर असले पाहिजेत. म्हणून उघडा भाग फळीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा थोडा कमी धरतात. फुटाला ४ इंच व अधिक उतारावर १६ इंची शिंगलला ५ इंच, १८ इंचीला साडेपाच आणि २४ इंचीला साडेसात इंच ही कमाल मर्यादा. त्याहून सपाट उतारावर ती अनुक्रमे पावणेचार, सव्वाचार आणि पावणेसहा इंचांवर येते. शेक दोन थरांत बसतात. १८ इंचीला साडेसात आणि २४ इंचीला १० इंच. घाटमाथ्यावर १६ इंची शिंगल ४ इंचांनी लावणे शहाणपणाचे. माल पाचव्या हिश्श्याने वाढतो का, असे वाटेल; प्रत्यक्षात तो चौथ्या हिश्श्याने वाढतो.

आपल्याकडच्या मोजमापात हा हिशोब सोपा पडतो, कारण उत्तर अमेरिकेतले छपराचे माप आणि आपला ब्रास दोन्ही १०० चौरस फुटांचे. १६ इंची शिंगल ५ इंचांनी लावली तर एका ब्रासला ४ बंडले लागतात, ४ इंचांनी लावली तर ५. समजा घर २० बाय ३० फूट आहे आणि चारही बाजूंना वळचण २ फूट पुढे आहे. सपाटीवर क्षेत्र ८१६ चौरस फूट होते. फुटाला ८ इंच उतार असेल तर त्याला १.२० ने गुणायचे, म्हणजे सुमारे ९८० चौरस फूट किंवा ९.८ ब्रास. ४ इंचांच्या हिशोबाने ४९ बंडले आणि तुटफूट, कोन, आढे यांसाठी दहा टक्के धरून ५४ मागवावीत. वळचणीचा पहिला थर दुहेरी असतो, तो या दहा टक्क्यांत सहज बसतो. पाख्यांच्या घळी जास्त असतील तर पंधरा टक्के धरावे.

बसवणी

काम दिवाळीनंतर सुरू करून वळवाच्या आधी संपवावे. फळ्या कोरड्या असताना फटी नीट राखता येतात. पावसात फुगलेल्या फळ्या फटी ठेवून लावल्या तर उन्हाळ्यात त्या फटी दुप्पट दिसतात. कोरड्या फळ्या चिकटवून लावल्या तर आषाढात त्या एकमेकींना रेटून वर उचलतात. शिंगलमध्ये पाव ते तीन अष्टमांश इंच आणि शेकमध्ये तीन ते पाच अष्टमांश इंच फट ठेवतात.

वाशांवर आडव्या रिपा मारतात आणि दोन रिपांमधले अंतर (मध्यापासून मध्यापर्यंत) उघड्या भागाइतकेच ठेवतात. रिपांमधल्या मोकळ्या जागेतून फळीला खालून हवा मिळते. सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. आपल्याकडे आधी स्लॅब ओतायची आणि वर शोभेसाठी काहीतरी चिकटवायचे ही सवय आहे. स्लॅबवर डांबर लावून शिंगल चिकटवली की खालची बाजू कधीच वाळत नाही आणि वरून शाबूत दिसणारी फळी पोटातून कुजते. स्लॅब असेलच तर आधी जलरोधक थर द्यावा. त्यावर उताराच्या दिशेने उभ्या रिपा आणि मग आडव्या रिपा माराव्यात. आत शिरलेले पाणी उभ्या रिपांमधून वळचणीपर्यंत उतरते आणि हवा आढ्यापर्यंत चढते. वळचणीला आणि आढ्याला हवेची वाट उघडी ठेवून तिला बारीक स्टीलची जाळी लावावी, म्हणजे वटवाघळे आणि खारी आत शिरत नाहीत.

पहिला थर वळचणीच्या पट्टीपुढे दीड इंच काढतात, पन्हळ असेल तर एक इंच. पुढचा प्रत्येक थर दोरी मारून सरळ घ्यावा. एका थरातली फट आणि तिच्या वरच्या थरातली फट यांत किमान दीड इंच अंतर पाहिजे आणि लागोपाठच्या तीन थरांत कोणत्याही दोन फटी एका रेषेत येऊ नयेत. ८ इंचांपेक्षा रुंद फळी आधीच मधोमध चिरून तिच्या दोन फळ्या समजून लावावी, नाही तर ती नंतर आपली आपण चिरते, आणि ती चीर नेमकी खालच्या फटीवर येऊ शकते.

प्रत्येक फळीला दोनच खिळे. कडेपासून पाऊण ते एक इंच आत आणि वरच्या थराची धार जिथे येणार तिच्या एक ते दीड इंच वर, म्हणजे वरचा थर त्यांना झाकतो. फळी कितीही रुंद असली तरी तिसरा खिळा मध्ये मारू नये. फळीला आखडायला-फुगायला जागा उरत नाही. १६ आणि १८ इंची शिंगलला सव्वा इंची, २४ इंचीला दीड इंची आणि शेकला साधारण दोन इंची खिळे लागतात. खिळ्याचे टोक रिपेत किमान पाऊण इंच गेले पाहिजे. डोके फळीला टेकले की हातोडी थांबवावी. डोके आत रुतले की त्याभोवतीचे लाकूड चिरडते, पकड जाते आणि तिथे पाणी साठते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने खिळे मारणाऱ्यांकडून हे फार होते.

खिळे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साध्या लोखंडी चुका वापरल्या तर सीडरमधले टॅनिन लोखंडाशी मिळून पहिल्याच पावसात काळे ओघळ उतरतात आणि काही वर्षांत फळी धड असताना खिळाच झिजून तुटतो. अग्निरोधक किंवा बुरशीरोधक द्रव्य मुरवलेल्या फळ्यांना तर स्टेनलेसशिवाय दुसरे काही लावूच नये.

शेक खडबडीत असल्यामुळे दोन फळ्या एकमेकींवर गच्च बसत नाहीत. म्हणून प्रत्येक थरात १८ इंच रुंद डांबरी फेल्टची पट्टी घालतात. पट्टीची खालची कड शेकच्या खालच्या टोकापासून उघड्या भागाच्या दुप्पट अंतरावर असावी. २४ इंची शेक १० इंच उघडी असेल तर २० इंचांवर. ती खाली सरकली तर फेल्ट फटीतून दिसू लागते, पाणी धरते आणि उन्हाने फाटते.

दोन पाखी आत मिळतात त्या घळीत आधी रुंद धातूचा पत्रा बसवावा. त्याच्या मध्यापासून फळ्या दोन्हीकडे काही इंच दूर थांबवाव्यात, पत्र्यात खिळा मारू नये. आढ्यावरच्या टोपीफळ्या जोडीजोडीने, आलटून-पालटून सांधा घेत लावतात. सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून करावी, म्हणजे फळ्यांची उघडी टोके नैऋत्येच्या पावसाकडे पाठ करून राहतात.

भिंतीवर

भिंत उभी असल्याने पाणी थांबत नाही आणि सीडर छपरापेक्षा भिंतीवर जास्त टिकते. घाटमाथ्यावर लाकडी कौले वापरायची हौस असेल तर ती भिंतीवर भागवावी आणि छपराला मंगलोरी कौल ठेवावे, हा सल्ला बहुतेक घरांना लागू पडेल. पावसाळ्यात भिंती बाहेरून गवताने झाकून घेण्याची महाबळेश्वरची जुनी रीत याच आडव्या पावसासाठी होती. सीडरचे आवरण तेच काम बारमाही करते.

भिंतीवर दोन थर पुरतात, म्हणून १६ इंची शिंगल ७, १८ इंची ८ आणि २४ इंची साडेदहा इंचांपर्यंत उघडी ठेवता येते. जांभ्याच्या किंवा विटांच्या भिंतीवर आधी जलरोधक पण वाफ सोडणारा कागद लावावा, त्यावर उभ्या रिपा, मग आडव्या. मागे किमान १० मिलिमीटरची पोकळी हवी. २० असेल तर उत्तम. खालची कड जमिनीपासून १२ इंच तरी वर, जोत्याच्या दगडावरच थांबवावी. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उडते आणि खालचा थर सतत भिजत राहतो. वाळवीही याच वाटेने चढते. पोकळीच्या तोंडाला जाळी हवी. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर वरच्या लाकडाचे तपकिरी पाणी पहिल्या पावसाळ्यात उतरतेच, म्हणून तिथला रंग दुसऱ्या वर्षी द्यावा.

दोन हवामाने

या दोन जिल्ह्यांत या छपराचे दोन वेगळे शत्रू आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सांगलीतल्या शिराळ्याच्या पश्चिम भागात ओल, शेवाळ आणि कुजणे. उत्तरेकडच्या, झाडाच्या सावलीतल्या पाख्यावर शेवाळ आधी धरते. जांभूळ-हिरड्याच्या फांद्या छपरापासून दूर छाटाव्यात, मात्र महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने झाड तोडण्याआधी आणि बांधकामाआधी परवानगी घ्यावी लागते. आढ्याखाली तांब्याची किंवा जस्ताची पट्टी लावली तर तिच्यावरून येणारे पाणी शेवाळ रोखते. साठलेला पाला दर वर्षी मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा ओसरल्यावर मऊ झाडूने काढावा. दाबाच्या फवाऱ्याने छप्पर धुऊ नये. शेवाळाबरोबर लाकडाचा मऊ थरही निघतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे कुजण्याची भीती कमी, पण उन्हाने लाकूड राखाडी पडते, आखडते आणि चिरते. हा राखाडी रंग म्हणजे बिघाड नव्हे. चिरा आणि वाकलेल्या फळ्या मात्र बिघाड आहेत.

आगीचा धोका दोन्हीकडे आहे. साधे सीडर ठिणगीने पेटते. घाटाच्या गवताळ डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात. कराड, वाळवा, पलूसकडे ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात आणि त्याची जळकी पाने वाऱ्यावर दूर जातात. अशा ठिकाणी कारखान्यातच दाबाखाली अग्निरोधक द्रव्य मुरवलेल्या फळ्याच घ्याव्यात. वरून फासलेले द्रव्य पाऊस धुऊन नेतो. शेताच्या बांधाला लागून घर असेल किंवा जवळ गुऱ्हाळाची चिमणी असेल तर छपरासाठी लाकूड निवडूच नये.

दुरुस्ती

फुटलेली एकटी फळी काढताना तिला पटाशीने उभी चिरून तुकडे ओढून घेतात आणि वरच्या थराखाली लोखंड कापायच्या पातळ पात्याने खिळे कापतात. नवी फळी शेजारच्या फळ्यांच्या धारेच्या पाऊण इंच खालपर्यंत सरकवून, वरच्या थराच्या धारेलगत दोन खिळे तिरके मारतात. मग ठोकळा लावून फळी जागेवर ठोकली की खिळ्यांची डोकी धारेखाली जातात. माकडांनी उचकटलेल्या फळ्या पावसाआधी अशाच बसवाव्यात. एका पाख्यातल्या पाचातल्या एका फळीला बोटाने दाबल्यावर मऊपणा लागला तर सुट्या दुरुस्तीत पैसा घालू नये, ते पाखे पूर्ण उतरवावे.

द्रव्य मुरवलेल्या छपराचे पाणी पिण्यासाठी साठवू नये आणि अशा फळ्यांचे तुकडे चुलीत किंवा बंबात जाळू नयेत. धुरातून आणि राखेतून विषारी घटक घरात येतात.