स्मार्ट दिव्यावर मुक्तस्रोत फर्मवेअर चढवणे

वाय-फायवर चालणाऱ्या दिव्यातल्या चिपमधली कंपनीची आज्ञावली (फर्मवेअर) पुसून तिथे टॅस्मोटा, ईएसपीहोम किंवा डब्ल्यूएलईडी यांसारखी मुक्तस्रोत आज्ञावली भरण्याची क्रिया. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जिला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात, तीच ही.

अनेक स्मार्ट दिव्यांत फोनवरून दिलेला हुकूम आधी दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून घरात परततो. त्यामुळे कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत फोन आणि दिवा हातभर अंतरावर असले, तरी गल्लीतल्या खोदाईत फायबर तुटली की ॲप मुके होते. कंपनीने सेवाच गुंडाळली, तर कायमचे. फर्मवेअर बदलल्यावर दिवा घरच्या राउटरवरूनच हुकूम घेतो. पैसे मोजून घेतलेल्या दिव्याचे बटण आपल्याच घरात असावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही स्वस्त चिप २०१४ मध्ये आली आणि हे शक्य झाले. टॅस्मोटा थिओ आरेंड्स यांनी २०१६ मध्ये सुरू केली. इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरे, T आणि A, त्यांच्याच आद्याक्षरांची.

यंत्र बिघडले की उघडून बघायचे, ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीची रीत इथेही चालते, पण एका अटीवर: दिवा संगणकाला जोडलेला असताना २३० व्होल्टचा पुरवठा कदापि देऊ नये. अशा दिव्यांतला वीजपुरवठा बहुधा मुख्य लाइनपासून अलग नसतो. ‘ग्राउंड’ म्हणून धरलेली तारही जिवंत असू शकते.

दुधी टोपण उचकटून, पांढरा सिलिकॉन खरवडला की चिपचे जोडणीचे ठिपके दिसतात. ३.३ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स (माहिती पाठवणारा) आणि आरएक्स (माहिती घेणारा) यांना बारीक तारा डाखाने जोडून त्या चिप संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी-टीटीएल अडॅप्टरला नेतात. टीएक्स-आरएक्सची जोडणी उलटसुलट: एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. पाच व्होल्ट दिले तर चिप जळू शकते. जीपीआयओ० या पिनचा ठिपका ग्राउंडला टेकवून अडॅप्टरचा ३.३ व्होल्टचा पुरवठा दिला की चिप नवी आज्ञावली घ्यायला तयार होते. मूळ आज्ञावलीची प्रत आधी काढून ठेवावी. आळस करणाऱ्याला परतीची वाट उरत नाही.

नवी आज्ञावली भरून झाली, की दिवा स्वतःचे वाय-फाय उभे करतो. फोन त्याला जोडून ब्राउझरमध्ये, टॅस्मोटा असेल तर १९२.१६८.४.१ या पत्त्यावर, घरच्या राउटरचे नाव आणि पासवर्ड द्यायचा, राउटर २.४ गिगाहर्ट्‌झवर हवा. चिपची कोणती पिन कोणत्या रंगाची, हेही सांगावे लागते. चुकले, तर लाल मागावा आणि निळा लागावा.

अलीकडच्या बऱ्याच दिव्यांत ईएसपीऐवजी बेकेन कंपनीची चिप असते. तिच्यासाठी ओपनबेकेन ही मुक्तस्रोत आज्ञावली आहे. वॉरंटी मात्र गेली म्हणून समजावे. पुढच्या आवृत्त्या वाय-फायवरूनच चढतात, त्यामुळे टोपण पुन्हा चिकटवायला हरकत नाही.