एचव्हीडीसी परिवर्तकांतील हार्मोनिकनिर्मिती

उच्चदाब एकदिश प्रवाह (एचव्हीडीसी) पारेषणात एसीचे डीसी आणि डीसीचे पुन्हा एसी करणारे परिवर्तक मूळ वारंवारतेच्या पटीतील जे प्रवाह व विद्युतदाब निर्माण करतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. थायरिस्टर (इशारा मिळताच प्रवाह सोडणारा अर्धवाहक स्विच) वापरणाऱ्या परिवर्तकातील प्रत्येक व्हॉल्व्ह, म्हणजे अशा थायरिस्टरांची मालिका, आवर्तनाचा साधारण एक-तृतीयांश काळच प्रवाह वाहून नेतो. त्यामुळे रोहित्रातील प्रवाह साइन लहरीसारखा न राहता पायऱ्यापायऱ्यांचा होतो.

सहा-स्पंदी पुलातून (सहा व्हॉल्व्हांची, एका आवर्तनात डीसी दाबाचे सहा स्पंद देणारी जोडणी) डीसी बाजूला 6, 12, 18 या क्रमांकांचे, तर एसी बाजूला 5, 7, 11, 13 या क्रमांकांचे हार्मोनिक निघतात. आदर्श स्थितीत पाचवा मूळ प्रवाहाच्या 20 टक्के आणि सातवा सुमारे 14 टक्के असतो. प्रत्यक्षात रोहित्राच्या प्रतिघातामुळे (प्रवाहातील बदलाला होणाऱ्या विरोधामुळे) प्रवाह एका व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात जायला थोडा वेळ लागतो, पायऱ्यांचे कोपरे बोथटतात आणि हे प्रमाण घटते. स्टार-स्टार व स्टार-डेल्टा (तीन कलांच्या वेटोळ्यांची वेगवेगळी जोडणी असलेल्या) रोहित्रांवरील दोन पूल जोडले, की 30 अंशांच्या कलांतरामुळे दोन्ही पुलांचे पाचवे हार्मोनिक एकमेकांना रद्द करतात, तसेच सातवेही, आणि 11, 13, 23, 25 उरतात. म्हणूनच बारा-स्पंदी रचना रूढ झाली. 50 हर्ट्झच्या जाळ्यात अकराव्या व तेराव्यासाठी 550 आणि 650 हर्ट्झला जुळवलेले फिल्टर बसवतात. परिवर्तक सक्रिय शक्तीच्या जवळपास निम्मी प्रतिघाती शक्ती (प्रत्यक्ष काम न करता मागेपुढे फिरणारी) खेचतो. तिचा काही वाटा हेच फिल्टर पुरवतात. डीसी बाजूला गुळगुळीतकारी रिअ‍ॅक्टर नसेल, तर शेजारच्या दूरध्वनी तारांत खरखर उमटते.

गणिताने आधीच कळणाऱ्या या हार्मोनिकांपेक्षा असमतोलातून उपजणारे अधिक त्रासदायक ठरतात, कारण त्यांच्यासाठी बहुधा फिल्टरच नसतो. एसी दाबात किंचित ऋण-क्रम घटक (तीन कलांच्या असमतोलामुळे उलट क्रमाने फिरणारा भाग) असला, तरी डीसी बाजूला दुसरा आणि एसी बाजूला तिसरा हार्मोनिक दिसू लागतो. सुरुवातीचे नियंत्रक ट्रिगरचा (व्हॉल्व्ह चालू करणाऱ्या इशाऱ्याचा) क्षण थेट एसी दाबावरूनच ठरवत. दुबळ्या, म्हणजे दाब सहज ढळणाऱ्या, जाळ्यात दाब विकृत झाला की ट्रिगर सरके, आणि सरकलेला ट्रिगर दाब आणखी विकृत करी. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अभियंते जे. डी. एन्सवर्थ यांनी मांडलेल्या कला-बद्ध दोलकाने (जाळ्याच्या वारंवारतेशी जुळून चालणाऱ्या घड्याळासारख्या मंडलाने) ट्रिगर समान अंतराने देऊन ही साखळी तोडली. रोहित्राचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन दुसरा हार्मोनिक वाढत जाण्याचा धोका मात्र त्यानेही पुरता टळत नाही.

मॉड्युलर बहुस्तरीय परिवर्तकात (स्वतंत्रपणे चालू-बंद होणाऱ्या अनेक लहान घटकांच्या) शेकडो लहान पायऱ्यांनी दाब घडवला जातो, त्यामुळे मोठ्या एसी फिल्टरांची गरज बहुतांशी संपते. अशी पहिली व्यापारी वाहिनी, 400 मेगावॉटची ट्रान्स बे केबल, 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली.