वसतिगृहातली पंगत : कोकणातल्या एका जबाबदारीची पार्श्वभूमी

दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात प्रवेश सुरू झाले की मालवणी बोलणारा, बीडहून आलेला, बंदरावरच्या मोहल्ल्यातला आणि डोंगरातल्या वाडीवरचा अशी सगळी मुलं एकाच मजल्यावर राहायला येतात. त्यांचं एकमेकांशी जुळवून देणं बरंचसं सीनियर विद्यार्थी प्रतिनिधीच्या अंगावर पडतं. या कामाची मुळं शोधायला लागलं की कोकणात आधी पाण्यापाशी यावं लागतं.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावरच. सवर्णांच्या धाकाने तिथे पाणी भरणं कुणाला शक्य झालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. आणि त्याच दिवशी सत्याग्रहींवर हल्ले झाले. ठराव आणि रोजचं वागणं यांत केवढं अंतर असतं, ते इथे उघडं पडलं.

रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजनंही झाली. त्या काळी हे धाडसाचं होतं. पण सहभोजन त्या दिवसापुरतं. वसतिगृहात शेजारचं ताट रोज तेच असतं.

हा रोजचा प्रयोग झाला तो घाटावर. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं काढली, त्यामुळे मुलांना शहरात छप्पर मिळालं, पण ज्याचं त्याचं वेगळं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली आणली. स्वयंपाकासकट सगळी कामं मुलंच करत. माझ्या मते आजच्या प्रतिनिधीचं खरं घराणं हेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनी या भूमिकेला चौकट दिली : सहा नवख्यांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी. पण नियम सांगत नाही की पहिल्याच रात्री ‘आडनाव काय रे?’ आणि ‘कितीवर लागला नंबर?’ हे प्रश्न कसे थांबवायचे. या दोन प्रश्नांतून जात काढली जाते आणि कुणी कुणाच्या खोलीत बसायचं ते तिथेच ठरतं. शहाणा प्रतिनिधी खोल्यांच्या याद्या लागण्याआधीच रेक्टरांना भेटतो, एका गावची टोळी एका खोलीत जाऊ देत नाही. रमजानात सहेरीचा डबा रात्रीच काढून ठेवायला मेसवाल्या काकांना सांगतो. बांगडा तळला त्या दिवशी न खाणाऱ्यांची भाजी वेगळ्या झाऱ्याने वाढली जाते का, ते बघतो. आणि त्याच मुलांनी ‘आमचं टेबल वेगळं करा’ म्हटलं, की ठाम नाही म्हणतो. झारा वेगळा चालेल, टेबल नाही. एवढं करूनही कुणाला जातीवरून डिवचलं गेलं, तर तक्रार लिहून घेऊन आयोगाच्याच २०१२ च्या नियमांनुसार नेमलेल्या भेदभावविरोधी अधिकाऱ्याकडे त्या मुलासोबत स्वतः जातो.