झिप फाईल : उघडणे आणि अनझिप करणे

अनेक फाईली व फोल्डर एकत्र बांधून आणि त्यांचा आकार कमी करून तयार केलेल्या एका फाईलला झिप फाईल म्हणतात. तिच्यातील मूळ फाईली एका बिटाचाही फरक न पडता पुन्हा बाहेर काढणे म्हणजे अनझिप किंवा एक्स्ट्रॅक्ट करणे होय. झिप उघडून आत काय आहे ते पाहणे ही वेगळी क्रिया आहे. या दोन्हींची गल्लत झाल्यामुळेच वापरणाऱ्यांचे बरेचसे काम वाया जाते.

हा फॉरमॅट अमेरिकेतील मिलवॉकीचा प्रोग्रामर फिल कॅट्झ याने १९८९ मध्ये पुढे आणला. त्यापूर्वीच्या ‘आर्क’ या फॉरमॅटवरून त्याच्यावर दावा लागला होता. त्यातून बाहेर पडल्यावर त्याने नवी रचना केली आणि तिचे तपशील सर्वांसाठी खुले ठेवले. झिप जगभर पसरली ती मुख्यतः या खुलेपणामुळे. वर्डची डॉकएक्स फाईल, ईपब पुस्तक आणि अँड्रॉइडची एपीके ही तिन्ही आतून झिपच आहेत. झिपमधील प्रत्येक नोंदीच्या आरंभी ‘पी’ आणि ‘के’ ही रोमन अक्षरे असतात, ती कॅट्झच्या नावाची आद्याक्षरे होत. २००० साली, वयाच्या ३७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

झिपची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते. प्रत्येक फाईलच्या मजकुराआधी तिची छोटी नोंद असते, पण सर्व फाईलींची नावे, आकार, तारखा आणि त्या नेमक्या कुठे आहेत याची संपूर्ण सूची अगदी टोकाला ठेवलेली असते. त्यामुळे नवी फाईल जोडताना आधीचा मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही, फक्त सूची नव्याने लिहिली की भागते. अनेक फ्लॉपींवर विभागलेली झिप सोडवताना संगणक आधी शेवटची फ्लॉपी मागत असे, त्याचेही कारण हेच. डाउनलोड अर्ध्यात तुटले तर बहुतेक मजकूर येऊनही ‘फाईल खराब आहे’ असा संदेश दिसतो, कारण सूची पोहोचलेलीच नसते. अशा वेळी फाईल पुन्हा उतरवून घेणे उत्तम. ते शक्य नसेल, तर दुरुस्तीची साधने आतल्या छोट्या नोंदींचा माग काढत बराच मजकूर वाचवू शकतात.

विंडोजमध्ये झिपवर डबल क्लिक केले की ती साध्या फोल्डरसारखी उघडते, आणि फसगत होते ती इथेच. दिसते ती केवळ सूची असते. आतल्या दस्तऐवजावर क्लिक केल्यावर त्याची तात्पुरती प्रत उघडते आणि तिच्यात केलेले बदल सहसा झिपमध्ये परत जात नाहीत. एखादा सेटअप आतूनच चालवला, तर त्याला लागणाऱ्या शेजारच्या फाईली सापडत नाहीत. म्हणून राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ निवडावे, फोल्डर ठरवावा आणि मगच कामाला लागावे. मॅकवर मात्र डबल क्लिक करताच फाईली बाहेर येतात.

आकार कमी करण्यासाठी बहुधा ‘डिफ्लेट’ ही पद्धत वापरली जाते. ती मागच्या ३२ किलोबाइट मजकुरात आधी येऊन गेलेला तुकडा शोधते, त्याच्या जागी ‘इतके मागे जा, इतके उचल’ एवढीच खूण ठेवते आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देते. युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली; तिच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी तोच असतो. त्यामुळे मराठी मजकूर चांगलाच आक्रसतो. फोटो आणि व्हिडिओ आधीच आक्रसलेले असल्याने लग्नाचा अल्बम झिप करून जागा फारशी वाचत नाही, फक्त गठ्ठा एक होतो.

मराठी नावांच्या फाईलींची जुनी अडचणही याच बाइटांशी जोडलेली आहे. झिपमधील नावांसाठी मूळ नियम आयबीएमच्या रोमन चिन्हसंचाचा होता. नाव यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण झिपच्या अधिकृत तपशिलात २००६ साली आली. ही खूण नसेल, तर ‘क’ या एका अक्षराच्या जागी ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला रोमन एन आणि तिरक्या मात्रेचा ओ अशी तीन चिन्हे उमटतात. नावभर अल्फा आणि लाटेचा एन यांची जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तर फाईल बिघडलेली नसून केवळ नाव चुकीच्या चिन्हसंचात वाचले गेले आहे, हे ओळखावे.

अनोळखी झिप सोडवताना सावध राहावे. ‘४२’ नावाची कुप्रसिद्ध झिप अवघ्या ४२ किलोबाइटची आहे. तिच्या आतल्या झिपही एकेक करून सोडवत गेल्यास सुमारे ४.५ पेटाबाइट, म्हणजे जवळपास ४५ लाख गीगाबाइट एवढा पसारा होतो. पासवर्डच्या बाबतीत जुनी झिप-पद्धत कमकुवत असल्याने एईएस ही अधिक भक्कम कूटपद्धत निवडावी. तरीही नेहमीच्या झिपमध्ये पासवर्डने फक्त मजकूर झाकला जातो. फाईलींची नावे सूचीत उघडीच राहतात आणि पासवर्ड नसलेल्यालाही वाचता येतात.